लाहू बसवून द्या

वाणगावच्या लाहूबद्दल कोणी चांगलं बोललं की माझ्या पोटात दुखतं. आजचं नाही हे, चांगलं सात-आठ वर्षांचं दुखणं आहे. लोक म्हणतात, वासुदेव मिस्त्री जळतो. जळतो तर जळतो! लाहूच्या आधी पंधरा वर्षं माझं वेल्डिंगचं दुकान डहाणूत चालू होतं, रंगवलेल्या पाटीसकट.

हा लाहू तलासरीकडच्या पाड्यावरचा. भाताचा एवढासा तुकडा, बाकी मजुरी. डहाणूच्या थर्मल वीजकेंद्राचं बांधकाम निघालं तेव्हा बिगारी म्हणून गेला आणि वेल्डिंग शिकून बाहेर पडला. मग वाणगावला स्टेशनच्या बाहेर, चिंचेखाली, एक मशीन मांडून बसला. ना पाटी, ना छप्पर. मी म्हटलं, बसू दे, कोयते-विळे जोडेल बिचारा.

एक दिवस वाढवणचा मासळीवाला त्याच्याकडे पिकअप घेऊन गेला. पिकअपची स्टेपनी, म्हणजे जादाचं चाक, गाडीच्या पोटाखाली टांगलेलं असतं. मासळीच्या बर्फाचं खारं पाणी त्यावर गळायचं आणि बोल्ट असा गंजायचा की ऐन पंक्चरला चाक सुटता सुटेना. लाहूने काय करावं? चाक खालून काढलं आणि वर हौद्यात, मागच्या फाळक्याला लागून, कोपऱ्यात उभं केलं. बुडाला पट्टीची खोबण, मधून एक बोल्ट, झालं काम. पंक्चर झालं की फाळका पाडा आणि चाक ओढा.

इतकी साधी गोष्ट! पंधरा वर्षं मी गाड्यांखाली पाठ घासली, मला का नाही सुचली? त्या दिवशी मला जेवण गेलं नाही.

त्यात कडी म्हणजे लोकांनी त्या वस्तूला त्याचंच नाव दिलं. माझ्या दुकानात, माझ्या पाटीखाली उभं राहून गिऱ्हाईक म्हणायचं, "मिस्त्री, लाहू बसवून द्या."

"लाहू काय लाहू? स्टॅण्ड म्हणा."

"तेच ते. लाहू."

घरी मी धुसफुसत राहायचो. सुधा, माझी बायको, एकदा भाजी निवडता निवडता म्हणाली, "अहो, मग तुम्हीही काढा ना काहीतरी तुमच्या नावाचं." ती चेष्टेनं म्हणाली, मी मनावर घेतलं. मला नाव हवं होतं. दुसरं काही नको होतं.

लोखंड कापायची हॅक्सॉ मागायच्या निमित्ताने वाणगावला गेलो आणि त्याचं काम वितीनं मोजून आलो. पण जसंच्या तसं केलं तर लोक नक्कल म्हणणार. म्हणून चिखल्याच्या चिकूवाल्या परेशभाईंची नवी पिकअप आली तेव्हा मी चाक मागे लावलंच नाही. पुढे, केबिनच्या पाठीला, अगदी मधोमध उभं केलं. का? तर ते लाहूसारखं नसावं, एवढ्यासाठीच. नळीची चौकट, चकचकीत बोल्ट, वर हिरवा रंग. काय देखणं दिसायचं! परेशभाई खूश. "वासुदेवभाई, आ तो फर्स्ट क्लास छे!" पाठोपाठ अकरा गाड्या आल्या. मी ताठ मानेनं फिरायला लागलो.

लाहू बघायला आला. सायकल लावून हौद्यात डोकावला, चौकटीवरून हात फिरवला. "बेस काम झालाय, शेठ. पण माल भरला का मंग..."

"आता तू मला शिकवणार?" मी सगळ्या गिऱ्हाइकांसमोर ओरडलो. तो सायकलवर बसला आणि गेला.

चिकूचा हंगाम आला. परेशभाईंच्या पेट्या स्टेशनवर पार्सलच्या गाडीला निघाल्या. दोन्ही बाजूंना उंच जाळ्या, हौदा काठोकाठ भरलेला, आणि वाटेत पंक्चर होऊन चाक बसलं. स्टेपनी कुठे? पेट्यांच्या पार पलीकडे, केबिनला चिकटून! सगळा माल रस्त्यावर उतरवला तेव्हा कुठे माझ्या हिरव्या चौकटीचं दर्शन झालं. तोवर पार्सलची गाडी स्टेशनातून गेली होती.

 परेशभाईंचा ड्रायव्हर एकेक पेटी उतरवताना, दारावर मोरपिसांची टोपी घालून येतो त्या वासुदेवासारखा ओरडला होता, "दान पावलं, वासुदेवा, दान पावलं!" ते सगळ्या तालुक्यात पसरलं. डहाणूपासून तलासरीपर्यंत दोन शब्द पक्के झाले. चाक मागे असेल तर लाहू, पुढे असेल तर वासुदेव. जुनी गाडी घेताना लोक विचारायचे, "लाहू आहे की वासुदेव?"

मिळालं मला नाव!

एकट्या लाहूने तो शब्द कधी वापरला नाही. कोणी वासुदेव काढायला त्याच्याकडे गेलं की एवढंच म्हणायचा, "पुढचा चाक मागं घ्यायचा ना?" त्याचाही मला रागच यायचा. हसला असता तर भांडलो तरी असतो.

अठ्ठ्याण्णव साली आमची मुलगी सई तलासरीजवळच्या शाळेत शिक्षिका झाली. तिचं सामान पोचवायला मी आणि सुधा भाड्याची पिकअप करून निघालो. ड्रायव्हर नविन नावाचा तरुण पोरगा, गाडी त्याच्या हातात आजच आलेली. कपाट, पलंग, पिंप, सगळं शेजाऱ्यांनी भराभर चढवलं. हौद्यात ना त्याने बघितलं, ना मी. तलासरीच्या अलीकडे चाक बसलं. नविन मागे गेला, वाकून आत बघितलं आणि कपाळावर हात मारला.

"बोंबला! काका, वासुदेव आहे हा. सगळं सामान काढावं लागणार."

काढलं. कपाटामागून उडालेला हिरवा रंग दिसला. माझाच.

"कोण होता हा वासुदेव, एकदा भेटायचंय मला," नविन घाम पुसत म्हणाला. "एवढीही अक्कल नसावी माणसाला?"

मी त्याच्या हातातला पाना घेतला. गंजलेला बोल्ट दोन हिसक्यांत सुटला. तो बघतच राहिला. "काका, मिस्त्री दिसता तुम्ही. नाव काय तुमचं?"

सुधा कपाटाला टेकून उभी होती.

"लाहू," मी म्हणालो.

"वाणगावचे? ते लाहूमिस्त्री?" त्याने हात पँटला पुसले आणि वाकून माझ्या पायांना हात लावला.

सुधा माझ्याकडे बघत होती. मी "असू दे, असू दे" म्हणालो, पण पाय मागे घेतले नाहीत.