साडेअकरा हजार किलोमीटर आणि डावी बाही

मास्तर विमानाच्या तिकिटांच्या ऑफिसात शिरले, तेव्हा तिकीटवालीला वाटले, आपल्याला अटकच होणार. गळ्यात टेप, ओठांत चार टाचण्या आणि नजर थेट तिच्या मनगटावर! टाचण्या काढून मास्तर पहिले वाक्य बोलले, "बाही अर्धा इंच आखूड आहे. कुणी शिवली?" दुसरे, "विमानाला किती तास लागतात?"

चाळीस वर्षे कोट शिवणाऱ्या या माणसाची एकुलती एक लेक पृथ्वीच्या पार पलीकडे लग्न करत होती. तिचा लग्नातला कोट बापानेच शिवायचा, हे ती पाळण्यात असतानाच ठरलेले. पण तारीख अचानक अलीकडे आली. विमानातून उतरून थेट लग्नाला उभे राहायचे होते आणि हातशिलाई उरणार होती: सात काजे, दोन्ही बाह्यांचे अस्तर. ती विमानातच पुरी करायची, असा मास्तरांनी चंग बांधला.

भिंतीवरच्या नकाशाला टेप लावून त्यांनी जाहीर केले, "साडेतेरा हजार किलोमीटर."

"साडेअकरा, काका." तिकीटवालीने टेबलावरचा पृथ्वीगोल पुढे सरकवला. मास्तरांनी खिशातला दोरा त्यावर ताणला. तो उत्तरेच्या बर्फाला घासून गेला आणि भरला साडेअकराच.

"बरोबर. ढेरीचं माप टेबलावर घेता येत नाही."

इथपर्यंत शहाणपण पुरले.

"जाताना बारा तास पन्नास मिनिटं, येताना चौदा तास दहा," ती म्हणाली. "जाताना वारा मागून असतो."

"दोरा तोच, मग वेळ वेगळा कसा? मी चौदा-दहाच धरतो."

"अहो, त्या पोरीला काही कळत असेल की," घरी बायको म्हणाली.

"तिची बाही बघितलीस का तू?"

मग आठ दिवस सराव. खुर्चीत बसायचे, विमानातल्या अरुंद जागेची सवय व्हावी म्हणून कोपरे ओढणीने कमरेला बांधायची, समोर घड्याळ. कात्री नेता येणार नव्हती. दोरा दाताने तोडायचे काम बायकोकडे. गिऱ्हाइकाच्या प्रत्येक कोटात शिवणीला इंचभर कापड जास्त सोडणाऱ्या मास्तरांनी वेळेत मात्र सूतभरही जास्त सोडले नाही.

विमानात सगळे ठरल्याबरहुकूम. सातवे काज उत्तरेच्या बर्फावरून जाताना झाले, मग उजवी बाही. डावीला हात घालणार, तोच पट्टे बांधायची सूचना झाली.

"अजून ऐंशी मिनिटं आहेत!" मास्तर कडाडले.

"आजोबा, खाली धावपट्टी आलीय. सुई ठेवा," हवाईसुंदरी म्हणाली.

वाचलेली ऐंशी मिनिटे पासपोर्टच्या रांगेत गेली. तिथेही मास्तर उभ्याने टाके घालू लागले. शिपायाने दोनदा "सुई आत!" म्हणून दम भरला, तेव्हा बायकोनेच कोट हिसकावून घेतला.

लेकीच्या खांद्यांवर कोट असा बसला, जणू तिच्याबरोबरच वाढला होता.

"बाबा, डावी बाही टोचतेय."

"माहितेय. हात हलवू नकोस."

लग्न झाले. परतीला बरोबर चौदा तास दहा मिनिटे लागली. मास्तर रिकाम्या हातांनी बसून होते. कोट लेकीकडे राहिला आणि त्याच्या डाव्या बाहीला अजून अस्तर नाही.