जपानी चहाची उशी

बाळ झोपतं म्हणून घाबरलेली आई कुणी पाहिली नसेल. ती मी होते. ऐंशीच्या दशकातली गोष्ट. पहिलं बाळंतपण, म्हणून रत्नागिरीला माहेरी आलेले. नवरा मुंबईला नोकरीत, आई माझ्या दिमतीला आणि मी दिवसभर पाळण्याकडे टक लावून. लोकांची पोरं रडून रडून घर डोक्यावर घेतात. माझा मुलगा भुकेपुरता टाहो फोडायचा, पोट भरलं की डोळे मिटायचा, आणि एकदा झोपला की आजूबाजूला काय वाटेल ते होऊ दे, ढिम्म हलायचा नाही. "पुण्यवान हो बाय तू," येणारी प्रत्येक बाई म्हणायची. ते ऐकलं की मी आणखीच पाळण्याजवळ सरकायची. मी मुळातच भित्री. आई म्हणायची, "भित्यापाठी ब्रह्मराक्षस गो. तुझ्यापाठी तर त्यांची वरात आहे."

या झोपेचं सगळं श्रेय जात होतं एका उशीला. आणि त्या उशीत भरला होता जपानचा चहा.

हसू नका. आमच्या गल्लीच्या तोंडाशी पिंजारी चाचांचं दुकान होतं. गाद्या, उश्या, लोड, सगळ्या गल्लीचं काम त्यांच्याकडे. त्यांचा भाचा जयगडचा, मालवाहू जहाजावर खलाशी. तो सुट्टीवर आला तो जपानहून चहाचा हा एवढा खोका घेऊन. चाचांनी कौतुकाने घरोघरी पुड्या वाटल्या. त्यात दूध घालायचं नाही, साखर घालायची नाही, आणि रंग हिरवा! आईने एक घोट घेतला आणि कप खाली ठेवला. "गवताचं पाणी गो हे. म्हशीपुढे ठेव." मी तेव्हा पोटुशी, वासानेच मोरीकडे पळाले. बाकीच्या घरांतही तीच तऱ्हा. चाचांचं तोंड एवढंसं झालं. भाच्याने हौसेने आणलेली वस्तू, धड पिववत नाही, धड टाकवत नाही.

पहिलं डोकं चाललं ते त्यांच्या शेजारच्या सुताराचं. त्याने तो पाला डब्यात गंजक्या खिळ्यांबरोबर उकळला आणि ते पाणी आंब्याच्या फळीला फासलं. पांढरट फळी बघता बघता काळपट झाली, थेट शिसवीसारखी. गिऱ्हाइकं फसायची आणि हा मिशीत हसायचा. माझ्या बाळाचा पाळणा त्यानेच तसा रंगवून दिला होता.

सुताराचं बघून चाचांना चेव आला. भाच्याने त्यांना सांगितलं होतं की तिकडची माणसं चहाचा चोथा वाळवून उशीत भरतात, डोकं थंड राहतं म्हणे. आमच्याकडे बाळाच्या डोक्याखाली मोहरीची उशी देतात, डोकं गोल व्हावं म्हणून. पण टाळूवरचं तेल आणि दुधाची गुळणी मुरून ती लवकरच आंबूस वास मारते. चाचांनी उरलेला चहा उकळून त्याचा चोथा उन्हात खडखडीत वाळवला, थोड्या मोहरीत मिसळला, मलमलीची इवलीशी उशी शिवली आणि बारशाला स्वतः घेऊन आले. "वास आला तर मला पिंजारी म्हणू नकोस, पोरी."

वास नाही आला. बारशाला बायका तारस्वरात पाळणे म्हणत होत्या, पोरांनी फुगे फोडले, कुणाच्या तरी हातून पाण्याची कळशी पडली. बाळ गाढ. कुणीतरी म्हणालं, ही त्या उशीची करामत. झालं! पार राजिवड्यापर्यंत बातमी गेली. रडक्या पोरांच्या आया चाचांच्या दुकानात रांग लावायला लागल्या. चाचांनी भाच्याला निरोप धाडला, येताना अजून आण.

मी मात्र घाबरले ती शेजारच्या काकींमुळे. बाळाला बघायला आल्या, खूप वेळ बघत बसल्या आणि जाता जाता म्हणाल्या, "परदेशी पाला तो. अफू-बिफू नाय ना त्यात? आमच्या लहानपणी कामावर जाणाऱ्या बाया पोरांना अफू चाटवून जायच्या. पडून राहायची बिचारी. एखादं उठायचंच नाय."

माझं धाबं दणाणलं. म्हणजे आम्ही हौसेहौसेने पोराच्या नाकाशी विष ठेवलं की काय? त्यानंतर मी जेवताना उठायची, केस विंचरताना उठायची, आणि त्याच्या नाकाखाली बोट धरून श्वास बघायची. बोट लागलं की तो लगेच डोळे उघडायचा. टक्क जागा. हसायचासुद्धा. मला वाटायचं, अफू चढलेलं मूल असं हसेल का? मग वाटायचं, अफूमुळेच हसत असेल. भीतीला काय, कुठलंही खाद्य चालतं.

तेवढ्यात शिमगा आला. देवाची पालखी आमच्या दारात नाचायला आली. ढोल-ताशे असे कडाडत होते की कपाटातले कप थरथरत होते. फाका, म्हणजे शिमग्याच्या आरोळ्या, देऊन पोरांचे घसे बसले. मी धावत माजघरात गेले. वाटलं, पोर दचकून, किंचाळून अर्धमेलं झालं असेल. तर हा वाशाला टांगलेल्या पाळण्यात मूठ गालाशी घेऊन झोपलेला. बायकांचा घोळकाच आत आला बघायला. "काय उशी आहे गो! आमच्या सुनेला पण सांगते." आई अभिमानाने सगळ्यांना उशी दाखवत होती. मी त्या उशीच्या शिवणीकडे बघत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी उशीची शिवण उसवली. मूठभर चोथा काढून चावला. कडू, तुरट, बाकी काही नाही. शिल्लक पुडीतला चहा उकळला आणि नाक दाबून वाटीभर प्यायले. दुपारी आडवी झाले आणि झोपेची वाट बघितली. झोप कसली येते! टक्क जागी होते. मग ती उशी उचलून माळ्यावर टाकली आणि बाळाच्या डोक्याखाली नुसत्या मोहरीची उशी दिली.

तरी तो तसाच झोपला. पुढेही तसाच झोपत राहिला.

मन चिंती ते वैरी न चिंती म्हणतात. माझ्या मनात तेव्हा जे आलं ते मी आईलाही बोलले नाही. बाळ जागं होतं, खिडकीतल्या उजेडाकडे बघून पाय उडवत होतं. मी पितळेचं ताट घेतलं, त्याच्या डोक्यामागे उभी राहिले आणि ताट फरशीवर सोडलं. आवाजाने स्वयंपाकघरातून आई ओरडली, "काय फोडलंस?" त्याची पापणी लवली नाही. पाय तसेच उडत होते.

तेव्हापासून माझी भीती उलटी झाली. आता मला वाटायला लागलं, असू दे अफू. देवा, त्या चहात अफूच असू दे. अफू उतरते. मी आईला ताटाचं सांगितलं तेव्हा तिने कपाळाला हात लावला नाही की ती रडली नाही. घाईघाईने म्हणाली, "गुंगी असेल गो. उशी काढली म्हणून लगेच उतरते होय? जा, चाचांना विचार, काय घातलंत ते खरं सांगा म्हणावं. मी भांडणार नाय म्हणावं."

बाळाला खांद्यावर घेऊन मी दुकानात गेले. चाचा कापूस पिंजत होते. मी दारातूनच म्हटलं, "चाचा, तुमच्या पाया पडते, खरं सांगा. त्या उशीत काय होतं? मी काही म्हणणार नाही. फक्त होतं म्हणा."

म्हातारा पांढराफटक पडला. "पोरी, तुझ्या मुलाच्या डोक्याखाली मी वाईट घालीन?" त्यांनी तयार असलेली एक उशी टरकन फाडली, मूठभर चोथा तोंडात कोंबला आणि माझ्या देखत चावून चावून गिळला. "चहा आहे. कुराणाची शपथ, नुसता चहा आहे."

मी तिथेच कापसाच्या ढिगावर बसले आणि ताटाचं सांगितलं.  चाचांनी बाळाकडे पाहिलं. ते माझ्या खांद्यावरून मागे भिंतीकडे बघत होतं. चाचांनी धनुकली उचलली, कापूस पिंजायचं ते मोठं धनुष्य, आणि बाळाच्या मागे धरून तिच्या तातीच्या दोरीवर लाकडी ठोकळा हाणला. टँव! त्या आवाजाला रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा मान वळवायचं. माझे स्वतःचे दात शिवशिवले. चाचांनी पुन्हा हाणला, आणखी जोरात. मग धनुकली खाली ठेवली आणि पागोट्याच्या शेवाने तोंड पुसत बसले.

नेमकी तेव्हाच एक बाई आत आली, कडेवर किरकिरं पोर. मला बघून तिचा चेहरा खुलला. "अगो, हेच ना ते झोपणारं बाळ? पालखीला पण उठलं नाय ते? चाचा, मला अगदी अशीच उशी हवी हां. असंच बाळ करून द्या माझं!"

माझं डोकं फिरलं. "उशीने नाही झोपत तो!" मी ओरडले. "त्याला ऐकू येत नाही. काही म्हणजे काही ऐकू येत नाही त्याला!"

बाईचं पोर दचकून भोकाड पसरून रडायला लागलं. तेव्हापर्यंत हे शब्द मी मनातसुद्धा नीट उच्चारले नव्हते. चाचांनी त्या बाईला हाताने जा म्हटलं, फळीवरच्या सगळ्या उश्या गोळा केल्या आणि आत नेल्या.

घरी आले तर आई पायरीवर उभी. मी फाटक उघडायच्या आतच तिने विचारलं, "काय गो? होती ना अफू?"

कुणी इतक्या आशेने वाईट बातमीची वाट बघताना मी पाहिलेलं नाही.

"नव्हती," मी म्हटलं.

"नीट विचारलंस? शपथ घातलीस?"

"त्यांनी स्वतः खाऊन दाखवला, आई. नुसता चहा आहे."

तिने बाळाला माझ्याकडून जवळजवळ हिसकावून घेतलं. त्याच्या कानाला तोंड लावलं आणि हाक मारली, "बाळा." मग मोठ्याने, "बाळा रे!" मग घसा ताणून, शेजारच्या घरांतून माणसं बाहेर येईपर्यंत, "बाळा! अरे बाळा!" तिचा श्वास कानाला गुदगुल्या करत असावा. तो खुदुखुदु हसत होता आणि तिच्या गळ्यातली पोत मुठीत धरून ओढत होता.