शरदासाठी सजवलेलं दार

आई पहिल्यांदा इंग्लंडात, आमच्याकडे बेसिंगस्टोकला आली त्या ऑक्टोबरात मी घर सजवायला घेतलं ते अगदी इरेला पेटून. खिडकीत तीन भोपळे मांडले, खायचे नाहीत, नुसते बघायचे. बरणीत लाल पानांच्या फांद्या खोचल्या. आणि पुढच्या दारावर गार्डन सेंटरमधून आणलेली रीथ लावली. वेताचं गोल कडं, त्यावर वाळकी पानं, केशरी कापडी फुलं आणि मधूनमधून लाल बोरं. आमच्या गल्लीत बऱ्याच दारांवर तसलं काहीतरी लटकलेलं असे. आमचंच दार बोडकं, ते मला फार खुपायचं.

खरं सांगायचं तर ही सगळी धडपड शरद ऋतूसाठी नव्हतीच. आईने मला माफ करावं, एवढ्यासाठी होती. आदल्या वर्षी बाबा गेले तेव्हा मी पुण्याला गेले नव्हते. माझा पासपोर्ट व्हिसा वाढवायला पाठवलेला होता. तो अडकलाय, असं मी सगळ्यांना सांगितलं. ते निम्मंच खरं होतं. पासपोर्ट परत मागता आला असता. मग अर्ज रद्द झाला असता आणि सगळं पहिल्यापासून करावं लागलं असतं, इतकंच. नवरा म्हणाला, "तू ठरव." मी ठरवलं. आईला यातलं काहीही माहीत नव्हतं.

एअरपोर्टवरून घरी पोचलो. नवरा डिकीतून बॅगा काढत होता. आई दारापाशी गेली आणि थबकली.

"हे कशाला लावलंय?"

"अगं, ऑटमचं डेकोरेशन आहे. इथे सगळेच लावतात."

"काढ ते."

"आई, आल्या आल्या सुरू नको ना होऊस!"

ती मागे वळली. बाजूच्या बोळात शिरली, कचऱ्याच्या डब्यांना वळसा घातला आणि स्वयंपाकघराच्या दाराने घरात आली.

मीही तिचीच मुलगी. काढलं नाही. पुढचा आठवडाभर रोज फिरायला निघताना मी पुढचं दार उघडून धरायची आणि ती छत्री उचलून मागच्या दाराने बाहेर पडायची. पाऊस असला तरी तोच प्रकार. नवरा मध्ये पडायला गेला तर मी त्याच्यावरच खेकसले. माझ्या हातचं हिला कधी काही आवडलंय का, हा माझा जुना राग होता, तो मी नव्याने उगाळत बसले.

दसऱ्याला तिने आपणहून झेंडू मागितला. मी झेंडूच्या दोन कुंड्या आणल्या. आंब्याची पानं कुठून मिळणार? शेजारणीला विचारून तिच्या कुंपणाची लॉरेलची पानं तोडली, लांबट, तुकतुकीत. आईने पानं उलटसुलट करून पाहिली, "चालतील," म्हणाली आणि स्वयंपाकघरातल्या टेबलाशी सुईदोरा घेऊन बसली. तोरण फार सुंदर झालं. मी हरखून म्हटलं, "चल, पुढच्या दाराला लावू."

"इथेच लाव. मागच्या."

माझं डोकंच फिरलं. "अगं, तुझं काय घोडं मारलंय त्या रीथने?"

आईने दोरा दातांनी तोडला. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, "तुझ्या बाबांच्या छातीवर असंच ठेवलं होतं. फायर ब्रिगेडमधले त्यांच्याबरोबरचे लोक घेऊन आले होते. असंच गोल, अशीच केशरी फुलं. तू फोनवर येते म्हणालीस, म्हणून आम्ही ते बघत बसलो दुपारपर्यंत. मग तुझा दुसरा फोन आला. तेव्हा उचललं त्यांना."

पुष्पचक्र. टीव्हीवर मोठमोठ्या माणसांच्या पार्थिवावर वाहताना मी ते कितीदा तरी पाहिलं होतं. बाबांवर पाहिलं नव्हतं. त्या दिवसाचे फोटो मला कोणी पाठवले नाहीत आणि मीही मागितले नाहीत. पाहिलं असतं तर गार्डन सेंटरमध्ये त्या कड्याला हात लावायची माझी छाती झाली नसती.

मी उठून तडक पुढच्या दाराकडे निघाले. आईने हात धरून मला थांबवलं.

"राहू दे आता. तुझ्याकडून वाहायचं राहिलंच होतं, ते झालं." आणि माझ्या पाठीवर हात फिरवत म्हणाली, "तुझा तरी काय दोष? पासपोर्टच अडकला होता."

तेव्हा सांगायला हवं होतं. अगदी ओठांवर आलं होतं. मी म्हटलं, "चहा टाकू?"

दुसऱ्या दिवसापासून आई पुढच्या दाराने जाऊ-येऊ लागली. जाताना त्या कड्याला बोटं टेकवून कपाळाला लावायची. नोव्हेंबरच्या वाऱ्याने त्याची पानं झडली, कापडी फुलं विटली, तरी तिने मला ते काढू दिलं नाही. मला मात्र त्याच्याकडे बघवेना. मी डब्यांना वळसा घालून मागच्या दाराने ये-जा करू लागले.

एकदा तिने विचारलंच, "तू का गं मागून?"

"बुटांना चिखल लागलाय," मी म्हटलं.

तेही तिने खरं मानलं.