खाचेऐवजी भोक

भाईंदर पश्चिमेच्या एका चष्म्याच्या दुकानात माझ्या आधी एका मिशीवाल्या माजी सैनिकाचा नंबर होता. त्यांना बँकेच्या दारावर बंदूकधारी रखवालदाराची नोकरी मिळत होती, फक्त नजरेचा दाखला हवा होता. तक्त्यावर ते चौथ्या ओळीला अडले. मग त्यांनी शांतपणे मूठ वळली, तिच्यात बारीकसं भोक ठेवून ती डोळ्याला लावली आणि आठव्या ओळीपर्यंत वाचून काढलं.

“काका, हात खाली घ्या,” डोळे तपासणारी मुलगी म्हणाली.

“का बेटा? जुन्या थ्रीनॉटथ्री रायफलीला नेम धरायला मागे खाच होती. खाच, पुढचं टोक आणि निशाण, तिन्हीकडे बघावं लागायचं. नंतरच्या रायफलींना खाचेऐवजी भोक आलं. भोकाकडे बघायचंच नसतं, त्यातून बघायचं. म्हणजे उरली दोनच. सरकारचं भोक चालतं आणि माझं चालत नाही?”

तिनाचे दोन झाले, हे मला तरी बिनचूक वाटलं.

“पण मूठ डोळ्याला लावलीत तर बंदूक कोण धरणार, काका? चष्मा लावून वाचलंत तरी दाखला देते मी.”

त्यांनी मूठ डोळ्यावरून खाली घेतली. मग ती उघडून म्हणाले, “दे चष्मा. पण काचा गोल पाहिजेत.”