नावं गाळलेल्या याद्या आणि मधुकरराव

आमच्या ऑफिसात फाइलींपेक्षा किस्से लवकर साठतात. फाइली निदान कपाटात तरी मावतात! परवा एका मैत्रिणीने विचारलं, "तुम्ही तिथे बीडला नक्की करता काय गं?" मी सांगायला लागले आणि चहा तीनदा मागवावा लागला.

काम तसं साधं. शाळेची हजेरी, रेशन, लहान मुलांच्या लसी अशा सरकारी याद्यांमधून नावं गाळायची, प्रत्येक माणसाला नंबर द्यायचा आणि याद्या एकमेकींना जोडायच्या. हे सगळं एका वसतिगृहासाठी चाललं होतं. दिवाळी झाली की वडवणीकडची कितीतरी पोरं आईबापांबरोबर ऊसतोडीला जातात आणि शाळा सुटते. वसतिगृह झालं तर ती मागे राहून शिकतील. पण मोठ्या साहेबांची अट होती, "पोरं खरंच जातात हे याद्यांवरून दाखवा, मग सही करतो." आणि ऊसतोडीच्या टोळ्या निघायच्या आत दाखवायचं होतं. आमच्या मॅडम पुण्याच्या. त्यांनी ते इतकं मनावर घेतलं की डबा खायचंही भान राहायचं नाही.

*

पहिल्याच दिवशी मॅडमनी सगळ्यांकडून लिहून घेतलं की याद्यांमधल्या कुणालाही ओळखायचं नाही, कुणाचं नाव घ्यायचं नाही.

आमचे जुने क्लार्क मधुकरराव धारूरचे. जिल्ह्यात कुणाची सोयरीक कुठे झाली हे त्यांना तोंडपाठ. त्यांनी तो कागद दोनदा वाचला.

"म्हंजे पूर्वी बायका नवऱ्याचं नाव घेत नव्हत्या, तसं?"

"अगदी तसंच!" मॅडम खूश झाल्या.

"मग उखाण्यात घेतलं तर चालतंय का?"

चालत नव्हतं. मधुकररावांनी फार जड हाताने सही केली.

*

आठवड्यातच त्यांची परीक्षा झाली. माझ्या स्क्रीनवर एक कुटुंब होतं. नाव नाही, नुसता नंबर. मेंढपाळ, पाच भाऊ, दोनदा जुळ्या मुली, धारूरकडचा डोंगरकाठ.

मधुकरराव मागून डोकावले. "आरं, हा तर आपला..."

"नाव नको!" मॅडमनी दोन्ही कानांवर हात ठेवले.

मधुकररावांनी नाव गिळलं. त्यांचा चेहरा लालबुंद झाला. दोन मिनिटं कळ काढली आणि मग काही राहवेना. "नाव न्हाई घेत, मॅडम. पण ह्यानं मेंढ्या लई कमी लिवल्यात. आन् माझी छत्री ह्याच्याकडंच हाय!"

त्या दिवसापासून त्यांची खुर्ची भिंतीकडे तोंड करून ठेवली.

*

नावं नसल्यामुळे कॉम्प्युटर जन्मतारीख, गाव आणि मुलगा की मुलगी एवढंच बघून माणसं जुळवायचा. केज तालुक्यातल्या एका गावात त्याने असा पराक्रम केला की एकच पोरगं एका दुपारी शाळेत चौदा वेळा खिचडी खाऊन गेलं!

मॅडमना वाटलं घोटाळा. त्यांनी तावातावाने हेडमास्तरांना फोन लावला. "तुमच्या वर्गातली सगळी मुलं एक जूनला जन्मलीत?"

"माजीबी तारीख तीच हाय," हेडमास्तर म्हणाले. "आईला इचारावं तर ती सांगती, पेरणीच्या टायमाला झाला. मग गुरुजी एक जून टाकतेत."

मॅडमनी कपाळाला हात लावला. "अहो, माणूस ओळखू येऊ नये म्हणून आम्ही फक्त नाव काढतो. तारखेवर तर सगळं जुळवायचं असतं!"

"माणूस ओळखू येऊ नये, ही सोय आमी लई आधीपासून करून ठिवलीय, मॅडम."

भावंडांचा आणि घरातल्या माणसांचा मेळ घालून सगळं पुन्हा जोडावं लागलं. त्यात पंधरा दिवस गेले आणि दिवाळी आणखी जवळ आली.

*

एका बाजाराच्या दिवशी वडवणीहून एक मावशी एसटीने थेट ऑफिसात आल्या. गावात बातमी गेली होती की बीडला बसून कुणीतरी यादीतली नावं काढतंय.

"माजं नाव कावून काढलं?" त्यांनी दारातूनच विचारलं.

मॅडमनी त्यांना बसवलं, पाणी दिलं. "मावशी, तुमचं रेशन चालूच आहे. आमच्याकडच्या यादीत फक्त तुम्ही कोण ते सरकारला कळणार नाही, एवढंच."

मावशींनी तांब्या खाली ठेवला. "ते सरकारला कवाच कळलं न्हाई. त्यापायी मशीन कशाला आणली?"

मी खो खो हसले आणि लगेच मला स्वतःची लाज वाटली.

*

शेवटी याद्या जुळल्या आणि नवीनच गंमत बाहेर आली. वडवणीकडचा एक मुलगा भर जानेवारीत सकाळी शाळेत हजर होता आणि त्याच दिवशी दुसऱ्या जिल्ह्यात, साखर कारखान्याच्या तळावर लस घेत होता.

मॅडमनी त्याच्या शाळेच्या गुरुजींना बोलावून घेतलं. "पोरगं तिकडे, तर हजेरी इकडे कशी?"

गुरुजींनी मान खाली घातली. "पट कमी झाला तर शाळा बंद होती, मॅडम." मग जरा धीर करून म्हणाले, "आन् मनानं ते हितंच असतंय की!"

*

टोळ्या निघायला चार दिवस राहिले असताना मोठे साहेब आले. मॅडमनी पडद्यावर एक ओळ दाखवली. मुलगी, वय नऊ. हजेरीपटावर वर्षभर हजर. पण दिवाळीनंतर घरचं रेशन परजिल्ह्यात उचललेलं, धाकट्या भावाची लस कारखान्यावर.

"हजेरीत तर आहे ती," साहेब म्हणाले. "तुमचा कॉम्प्युटर चुकला नसेल कशावरून? हा नुसता नंबर आहे. अशी मुलगी खरंच आहे का?"

पुरावा सगळा समोर होता आणि नाव सांगायला मॅडमचीच बंदी होती.

साहेबांनी फाइल मिटली. मग फाइली घेऊन उभ्या असलेल्या मधुकररावांकडे वळले. "तुम्ही इथलेच ना? ओळखता का हिला?"

मधुकररावांनी मॅडमकडे बघितलं. "न्हाई, साहेब. सही केलीय. आपण कुणालाच ओळखत न्हाई."

"मग संपलंच."

"पण साहेब," मधुकरराव छताकडे बघत म्हणाले, "तिला सतराचा पाढा येतो. उसाच्या मोळ्या मोजता मोजता शिकली."

साहेबांनी फाइल पुन्हा उघडली, सही केली, कागद मॅडमकडे सरकवला. उठता उठता हळूच विचारलं, "सतराचा? खरंच?"

"आता एकोणिसाचा चालू हाय, साहेब," मधुकरराव म्हणाले. "पण आपण तिला ओळखत न्हाई!"