लिंबापासचा बांध

ट्रॅक्टर चालवायच्या एका कॉम्प्युटर गेममध्ये मी आणि माझ्या चुलतभावानं कॉलेजात असताना आमचं रान उभं केलं होतं. मूळ गेममध्ये अशी आपल्या पदरची भर घातली की तिला मॉड म्हणतात. शिरूर अनंतपाळकडची आमची काळी माती, विहीर, लिंबाचं झाड, सगळं हुबेहूब. रान ऑनलाइन होतं, दोघांनाही आपापल्या घरून एकाच वेळी त्यात उतरता यायचं. फक्त दोन्ही घरांच्या रानांमधला बांध आम्ही मुद्दाम रुंद आणि सरळ आखला. खरा बांध लिंबापासून पुढे वीतभर उरलेला. दर नांगरटीला नांगर जरासा पलीकडे घालून कुणीतरी तो कोरत आणला होता. आमच्या घरात तो काकानंच कोरला असं ठरलेलं होतं. त्यांच्या घरात काय ठरलं होतं ते मी कधी विचारलं नाही.

पुढे त्याच बांधावरून माझे वडील आणि काका हातघाईवर आले आणि बोलणं तुटलं. मी नोकरीला नांदेडला आलो, वडिलांनाही घेऊन आलो. चुलतभाऊ लातूरला दुकानात बसायला लागला. मी गेम उघडणं सोडलं. त्याची आठवण यायची, पण आधी फोन कुणी करायचा या हट्टात वर्षं गेली.

मग या उन्हाळ्यात त्याचाच मेसेज आला. "दादा, गेम नवीन आलाय, त्याच्यात आपलं रान उघडंना. तुलाच जमतंय ते."

एवढ्या निमित्तानं तरी बोलणं सुरू होईल म्हणून मी रविवारी दुपारी मॉड दुरुस्त करायला बसलो. आधी जुन्या गेममध्ये रान उघडलं. वाटलं होतं, माझ्या वाट्याच्या रानात गवत माजलेलं असेल. तर ते स्वच्छ. नुकतंच सोयाबीन काढलेलं. इतकी वर्षं तो गडी स्वतःच्या रानाबरोबर माझंही रान पेरत होता. मला भरून आलं. म्हटलं, निदान नांगरट तरी आपण करावी.

ट्रॅक्टर काढला. लिंबापाशी आलो आणि हात आपोआप डावीकडे वळला. बांधावरचं गवत जाऊन तिथं काळी माती उघडी पडली. चुकून झालं म्हणावं, तर परतीच्या फेरीलाही मी नांगर तिथंच घातला. खरं सांगतो, बरं वाटत होतं. ज्या जमिनीत मूठभर दाणा पिकणार नाही, तिच्यासाठी माझ्या तोंडाला पाणी सुटलं होतं.

तेवढ्यात पलीकडे विहिरीपाशी दुसरा ट्रॅक्टर उभा दिसला. तो त्याचा होता. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. पडद्याच्या कोपऱ्यात त्याची अक्षरं उमटली.

"राहू दे दादा. मी कवाचा बघायलोय."

थोड्या वेळानं आणखी एक ओळ आली.

"थोरले अप्पा बी लिंबापासूनच घालायचे नांगर. लहानपणी मी विहिरीवरून बघायचो."

थोरले अप्पा म्हणजे माझे वडील. खोटं आहे असं लिहायला मी बोटं उचलली. पण माझाच नांगर समोर बांधात रुतून उभा होता. जुनी फाइल घातली असती तर बांध क्षणात पहिल्यासारखा झाला असता, मॉड माझाच होता. त्याची मला आणखीच लाज वाटली.

शेवटी मी त्याला फोन लावला. त्यानं लगेच उचलला.

"तुला सगळं माहीत होतं, तरी माझं रान का पेरत राहिलास?"

"रान पडीक ठिवू न्हाई," तो म्हणाला. "कुणाचं बी असू दे."

"मी गावाकडं येतो. खरा बांध मोजून परत घालू."

"ये की. पर येताना थोरल्या अप्पांना संगं घेऊन ये."

अप्पा शेजारच्या खोलीत टीव्हीवर बातम्या बघत होते. कुणाचा फोन म्हणून त्यांनी दोनदा विचारलं. ऑफिसचा आहे, असं मी सांगितलं.