पहिला नंबर आणि मागचं गेट

पर्सोनेल खात्यातल्या टायपिस्टला किस्से गोळा करावे लागत नाहीत. कार्बन पेपर घातला की खालच्या कागदावर आपोआप उमटतं, तसे ते उमटत जातात. वरचा कागद साहेब घेऊन जातात, खालचा आपल्याकडे राहतो. माझ्याकडे असे बरेच खालचे कागद साठले आहेत.

लग्नाला दीड महिना झाला आणि मी चाकण रस्त्यावरच्या एका कारखान्यात लागले. राहायला पिंपरीत. ह्यांची सेकंड शिफ्ट, माझी जनरल. त्यामुळे आमची ओळख मुख्यतः रविवारी होत असे. पहिल्याच दिवशी वेल्फेअर ऑफिसर जोगळेकर साहेबांनी "मिसेस गोखले" अशी हाक मारली, तर सासूबाई इथे कशाला आल्या म्हणून मी मागे वळून पाहिलं.

"बाई फारशा बोलत नाहीत," साहेब समाधानाने म्हणाले.

"मग बढती नक्की," आमचे हेडक्लार्क शेखभाई म्हणाले. "मी बोलतो. नऊ वर्षं याच खुर्चीत आहे."

*

कारखान्याच्या मागे डोंगर आणि डोंगरावर ठाकरवाडी. ठाकर लोकांची वीसेक घरं. वाडीचं पाणी म्हणजे पायथ्याचा एक झरा, उन्हाळ्यातही न आटणारा. प्लॉटची मोजणी झाली तेव्हा झरा कंपाउंडच्या आत आला आणि वाडी बाहेर राहिली. बायांनी मागच्या गेटने येऊन पाणी न्यावं, असं तोंडी ठरलं होतं.

तोंडी ठरलेलं आमच्या गेटवरच्या पवार जमादारांना चालत नसे. ते मिलिटरीतून रिटायर झालेले. पासाशिवाय आत कोणी यायचं नाही म्हणजे नाही. म्हणून वाडीतली सगळ्यांत वडीलधारी चांगुणाबाई माझ्या टेबलाशी येऊन उभी राहिली. तिने आधी माझा हिरवा चुडा निरखला. "नवरी हायेस व्हय?" म्हणाली. तेव्हापासून ती मला नवरीच म्हणते.

मी पास टाइप केला. नाव: चांगुणाबाई. कोणाला भेटायचे: झरा. काम: पाणी.

जमादारांनी पास वाचला, सॅल्यूट ठोकल्यासारखी मान हलवली आणि तिला आत सोडलं. हंडा भरून ती परत गेटवर आली, तर ते आडवे.

"सही कुठंय?"

"कसली सही?"

"ज्याला भेटलीस त्याची. त्याशिवाय पास पुरा होत नाही."

"आत सोडलंस की रं मला."

"आत सोडणं वेगळं. बाहेर जायला सही लागते."

चांगुणाबाई भरला हंडा डोक्यावर घेऊन तशीच ऑफिसात आली. शेखभाईंनी पास दोनदा वाचला, पेन काढलं आणि खाली लिहिलं, "झऱ्याकरिता, अ. शेख."

जमादारांनी तो पास फायलीला लावला. दुसऱ्या दिवसापासून शेखभाई रोज वीस पासांवर झऱ्याकरिता सही करू लागले.

*

त्याच सुमारास साहेबांनी इंग्रजी पेपरात एक बातमी वाचली. परदेशातली कुठलीशी संस्था दरवर्षी सगळ्या देशांना स्वातंत्र्याचे मार्क देते. एक ते सात. एक म्हणजे पूर्ण स्वतंत्र, सात म्हणजे अजिबात नाही. साहेबांनी ते कात्रण काचेखाली ठेवलं. आमच्या मालकांचे एकूण चार कारखाने होते. चारही ठिकाणी असे मार्क घ्यावेत, ही साहेबांची कल्पना हेड ऑफिसला पसंत पडली. ज्याचा पहिला नंबर येईल त्याला ढाल मिळणार होती.

फॉर्म मी टाइप केला. "वरिष्ठांची चूक त्यांना निर्भयपणे सांगता येते काय?" "शिफ्ट चालू असताना परवानगीशिवाय लघुशंकेस जाता येते काय?" असे बारा प्रश्न. शेवटी सूचना: फॉर्मवर नाव, टोकन नंबर आणि सही घालून तो आपल्या फोरमनमार्फतच पाठवावा.

फॉर्म आले. सगळ्या खात्यांत सगळ्यांनी सगळीकडे एक मार्क दिला होता. एकट्या पेंट शॉपमध्ये सगळीकडे सात. साहेबांचा चेहरा उतरला. फोरमनला बोलावणं गेलं.

"पेंट शॉपमध्ये एवढी गुलामी आहे?"

"कोण म्हणतंय?" फोरमन भांबावला. "मी स्वतः सगळ्यांच्या पाठीमागे उभा राहून सांगितलं, साहेबांची इज्जत आहे, पैकीच्या पैकी द्या."

त्याच दुपारी पेंट शॉपने पुन्हा, पूर्ण स्वखुशीने, फॉर्म भरले.

*

अहवाल टाइप करायला घेतला तेव्हा शेखभाई म्हणाले, "साहेब, वीस बाया रोज कंपाउंडात येतात. त्यांना मार्क विचारले नाहीत."

"त्या कामगार नाहीत शेखभाई, अभ्यागत आहेत."

"जमिनीवर आपल्या आधीपासून आहेत."

"जमिनीवर असतील. मस्टरवर नाहीत." साहेबांनी थोडा विचार केला. माणूस वाईट नव्हता. "अभ्यागतांसाठी शेऱ्यांचं पुस्तक ठेवा गेटवर. काही म्हणणं असेल तर लिहू देत."

पुस्तक ठेवलं, पेन दोरीने बांधलं. वाडीत कोणाला लिहिता येत नव्हतं. चांगुणाबाई पहिल्या दिवशी पुस्तकाकडे बघून म्हणाली, "म्हननं हाय माजं. सांगू का?"

"सांगायचं नाही, लिहायचं," जमादार म्हणाले.

महिनाअखेर साहेबांनी मला मजकूर सांगितला. "अभ्यागतांच्या पुस्तकात एकही प्रतिकूल शेरा आढळला नाही." मी तो टाइप केला. एकही स्पेलिंग चुकलं नाही.

*

मधेच परदेशातून एक गोरे इंजिनिअर नवी मशीन बसवायला आले. त्यांचा देश स्वातंत्र्याच्या त्या यादीत पहिल्या रांगेतला. साहेबांनी कात्रण दाखवून त्यांचं अभिनंदनसुद्धा केलं. ते दुपारी झऱ्यापाशी सावलीत सँडविच खात बसत. एकदा चांगुणाबाईने मला खुणेने बोलावलं.

"नवरी, ह्यांना इचार, त्यांच्या मुलखात डोंगरातली मानसं हायेत का? आधीपास्नं ऱ्हानारी?"

माझं इंग्रजी टाइप करण्यापुरतं. तरी विचारलं. गोरे साहेब म्हणाले, आहेत, पण फार लांब राहतात, आपण कधी कोणाला भेटलेलो नाही. लहानपणी शाळेच्या सहलीत एका म्युझियममध्ये त्यांचे पुतळे आणि भांडी मात्र पाहिली होती. अगदी हुबेहूब.

मी ते चांगुणाबाईला सांगितलं. तिने हंडा डोक्यावर चढवला.

"बरं हाय मग त्यांचं," ती म्हणाली. "छपराखाली तरी ठेवल्यात."

हे मी उलट इंग्रजीत करून सांगितलं नाही. गोरे साहेब वाट बघत होते. शेवटी मी "शी सेज थँक यू" म्हटलं.

*

आमचा पहिला नंबर आला. चेअरमन ढाल घेऊन स्वतः येणार असं कळलं, तेव्हा झऱ्याच्या जागी बाग करून मधोमध कारंजं बसवायचं ठरलं. झरा बारीक होता; त्याचं तोंड मोठं करायला सुरुंग लावायचा होता. कॅन्टीनलाही तेच पाणी जाई, तेही वाढेल असा हिशेब. बायांचे पास तेवढ्यापुरते बंद झाले.

चांगुणाबाई गेटबाहेरून मला म्हणाली, "सायबाला सांग, सुरुंग नगं. दगूड हालला की पानी वाट सोडतं. मंग वाडी नदीवं जाती, दोन कोस. पोटुशा बाया हायेत."

मी तेवढंच्या तेवढं साहेबांना सांगितलं. नोकरीतलं ते माझं सर्वांत लांब बोलणं. साहेबांनी लक्षपूर्वक ऐकलं आणि विचारलं, "पुस्तकात लिहिलंय का त्यांनी?"

सुरुंग सोमवारी उडाला. मंगळवारी झरा ओला होता, बुधवारी कोरडा. चेअरमन आले, कारंज्याची फीत कापली, कॉक फिरवला. आतून थोडी हवा आली. टाळ्या झाल्या. ढाल रिसेप्शनमध्ये लागली.

वाडीच्या बाया नदीवर जाऊ लागल्या. येताना बसच्या खिडकीतून मला त्यांची रांग दिसायची. त्यांतली एक वाटेत सारखी बसायची. मी दुसऱ्या बाजूला बसायला लागले.

*

नवव्या दिवशी पाणी सापडलं. कंपाउंडच्या भिंतीपासून बरंच वर, वाडीच्या खालच्या अंगाला, खडकाच्या भेगेतून मनगटाएवढी धार लागली होती. आधीच्या दुप्पट.

इकडे कॅन्टीनचा टँकर दोन दिवस आला नव्हता. साहेब मला आणि वहीला घेऊन डोंगर चढले. बूट घसरत होते, शर्ट भिजला होता. चांगुणाबाई धारेपाशीच उभी होती. तिने साहेबांना सावलीतल्या दगडावर बसवलं, तांब्याभर पाणी दिलं. साहेब एका दमात प्याले. मग त्यांनी टाय सरळ केला.

"बाई, आमच्या कॅन्टीनला पाणी हवं आहे. तुमच्या अटी काय असतील?"

"अटी?"

"म्हणजे आमच्या लोकांनी किती वाजता यायचं, किती जणांनी यायचं, परवानगी कोणाकडून घ्यायची. गोखलेबाई लिहून घेतील."

चांगुणाबाईने माझ्याकडे पाहिलं. "नवरी, काय म्हनत्यात ह्ये?"

"पाणी न्यायला कोणाला विचारायचं, असं विचारताहेत."

चांगुणाबाईने खाली वाकून तांब्या पुन्हा भरला आणि त्यांच्या हातात दिला.

"आजून प्या," ती म्हणाली. "ऊन लागलंय तुमाला."